सेक्टरचा ब्रॉडबँड नकाशा: नवी मुंबईत घरोघरचं नेट मोजून नकाशावर कसं आणायचं

नवी मुंबईत भाड्याचं घर बघायला गेलात की एजंट हमखास सांगतो, ‘नेटची काळजीच नको, सगळ्या कंपन्यांचं फायबर आलंय.’ राहायला गेल्यावर कळतं की फायबर ए विंगपर्यंतच आहे आणि आपण सी विंगमध्ये. किंवा बिल्डरने एकाच कंपनीला डक्ट, म्हणजे इमारतीतून वायरी वर नेण्याची पोकळी, दिलाय. किंवा कनेक्शन मिळतं, २०० एमबीपीएसचे पैसेही दरमहा जातात, पण रात्री साडेनऊला मीटिंग सुरू झाली की समोरच्याचा आवाज तुटायला लागतो.

आम्ही काही शेजाऱ्यांनी मिळून कोपरखैरणे आणि घणसोलीच्या थोड्या भागात हे सगळं मोजून नकाशावर मांडलं. तुम्हाला तुमच्या सोसायटीचं, सेक्टरचं किंवा गावठाणातल्या आळीचं असंच करायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. इंजिनिअर असण्याची गरज नाही. चिकाटी हवी आणि नोंदी नीट ठेवायची सवय हवी.

सुरुवातीलाच दोन प्रश्न वेगळे करा. पहिला, इथे कनेक्शन मिळतं का? दुसरा, मिळालेल्या कनेक्शनचा वेग किती? सोसायटीच्या टाकीत पाणी आलंय का आणि आपल्या नळाला किती धारेने येतंय, हे जसे दोन वेगळे प्रश्न, तसंच हे. दोन्हींची उत्तरं एकाच रकान्यात टाकलीत, तर तो नकाशा पुढे कशालाच उपयोगी पडत नाही.

आधी ही जमवाजमव करा

- लॅपटॉप. त्याला लॅन पोर्ट नसेल तर यूएसबीला लावायचा लॅन अ‍ॅडॅप्टर. त्यावर ‘गिगाबिट’ लिहिलेलं आहे ना, ते बघूनच घ्या.
- दोन-तीन मीटरची कॅट-५ई किंवा कॅट-६ लॅन वायर.
- लोकेशन चालू असलेला मोबाइल.
- गुगल फॉर्म किंवा कोबोटूलबॉक्स. कोबोचा फायदा असा, की त्याच्या मोबाइल अ‍ॅपवर नेट नसतानाही नोंद करता येते, आणि आपण जातोय नेमकं नेट नसलेल्या घरांमध्ये.
- सोसायटीच्या सेक्रेटरीचं लेटरहेडवरचं परवानगीपत्र, त्यावर शिक्का आणि कामाचा उद्देश. दुसऱ्या सोसायटीत जाणार असाल तर तिथल्या कमिटीचंही पत्र आणि तुमचं ओळखपत्र. गच्ची, डक्ट, मीटर रूम दाखवायला वॉचमन पत्राशिवाय तयार होत नाहीत, आणि त्यांचं बरोबरच आहे.
- ज्यांच्या घरी मोजणार, त्यांचं नेटचं शेवटचं बिल. प्लॅनचा वेग आणि डेटाची मर्यादा लोकांना आठवणीने सांगता येत नाही. बिलावर ते छापलेलं असतं.

१. भाग लहान ठरवा आणि एकक ‘इमारत व विंग’ ठेवा

पहिला मोह होतो तो पिनकोडचा. तो टाळा. ४००७०९ या एका पिनकोडात कोपरखैरण्याच्या उंच इमारती येतात, सिडकोची रो-हाऊस येतात, बोनकोडे-खैरण्यासारखी मूळ गावंही येतात. एवढ्या सगळ्याला एकच रंग दिला, तर जिथे नेट नाही ती घरं त्या रंगाखाली झाकली जातात.

अमेरिकेत हे मोठ्या प्रमाणावर झालं होतं. तिथल्या सरकारी नोंदीत जनगणनेच्या एका गटातल्या एका जरी घराला सेवा देता येत असेल, तरी तो अख्खा गट ‘सेवा आहे’ असा धरला जायचा. शेवटी त्यांनी पद्धत बदलली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये एकेका पत्त्याची नोंद असलेला नवा नकाशा आणला. आपली नोंद चुकीची आहे असं वाटलं, तर तिथला रहिवासी तिला आव्हानही देऊ शकतो.

आपल्याकडे एकक इमारत आणि विंग असं ठेवा. गावठाणात इमारतींची सलग नावं मिळत नाहीत, तिथे गल्ली आणि घराजवळची खूण लिहा. पत्ता नक्की करायला डाक विभागाचं डिजिपिन वापरता येतं. मे २०२५ मध्ये आलेल्या या पद्धतीत साधारण ४ बाय ४ मीटरच्या चौकोनाला १० अक्षरांचा संकेत मिळतो. नाव नसलेल्या घरांसाठी ही सोय फार कामाची आहे.

ठाण्यात करणार असाल तर सेक्टर नाहीत. घोडबंदर रोडला एकेक कॉम्प्लेक्स घ्या, नौपाड्यात एकेक रस्ता. पहिल्या खेपेला ३०-४० इमारतींच्या वर जाऊ नका.

२. उपलब्धता: ‘आहे’पेक्षा ‘नाही’ काळजीने लिहा

कंपनीच्या संकेतस्थळावर पत्ता टाकला की बहुधा उत्तर येतं, ‘तुमच्या भागात सेवा उपलब्ध’. नंतर फोन येतो, माणूस येऊन बघून जातो आणि सांगतो की तुमच्या इमारतीत सध्या शक्य नाही. म्हणजे संकेतस्थळावरचं उत्तर पुरावा म्हणून धरता येत नाही. पुरावा तीन ठिकाणी मिळतो.

एक, डक्टमध्ये. प्रत्येक विंगच्या जिन्यात किंवा मीटर रूममध्ये कोणत्या कंपन्यांच्या पेट्या आहेत ते पाहा आणि फोटो घ्या. ए विंगला पेटी आहे म्हणून बी आणि सी विंगला ‘आहे’ लिहू नका.

दोन, माणसांकडून. जुने वॉचमन काका, सोसायटीचे मॅनेजर आणि त्या भागातला केबलवाला यांच्याइतकी पक्की माहिती दुसऱ्या कोणाकडे नसते. कोणत्या कंपनीला परवानगी नाकारली, कोणाची वायर गच्चीवरून येते, कोणाची गटाराच्या कडेने, हे त्यांना तोंडपाठ असतं.

तीन, प्रत्यक्ष अर्ज करून. एखाद्या घराला खरंच कनेक्शन हवं असेल तर त्यांना अर्ज करू द्या आणि आलेलं उत्तर तारखेसह जपून ठेवा.

नोंदीसाठी आम्ही चार उत्तरं ठेवली: ‘चालू कनेक्शन आहे’, ‘पेटी आहे पण कनेक्शन कोणी घेतलेलं नाही’, ‘अर्ज केला, नकार आला’ आणि ‘माहिती नाही’. तिसरं उत्तर सगळ्यात मोलाचं. ज्यांच्याकडे नेट आहे ते ऑनलाइन फॉर्म भरतात. ज्यांच्याकडे नाही, त्यांना फॉर्म पोहोचतच नाही. त्यामुळे घरी बसून फॉर्म फिरवला तर ‘नाही’वाली घरं नकाशातून आपोआप गळतात आणि सगळा सेक्टर हिरवा दिसतो. या घरांसाठी दारोदार जावं लागतं. त्याला दुसरा उपाय मला माहीत नाही.

नुसतं ‘फायबर’ लिहू नका, वायरचा प्रकार लिहा:

- घरातल्या छोट्या पांढऱ्या डब्यात केसासारखी बारीक काच असलेली वायर, बहुतेकदा हिरव्या टोकाची, शिरत असेल तर फायबर घरापर्यंत आलंय.
- जिन्यातून साधी लॅन वायर येऊन थेट राउटरला लागत असेल, तर फायबर गच्चीवरच्या किंवा डक्टमधल्या स्विचपर्यंतच, म्हणजे लाईन घराघरांत वाटणाऱ्या डब्यापर्यंतच आहे. इमारतीची वीज गेली आणि त्या स्विचला बॅटरी नसली, तर घरात इन्व्हर्टर असूनही नेट बंद पडतं.
- टीव्हीच्या केबलसारखी जाड गोल वायर म्हणजे कोअ‍ॅक्सियल.
- टेलिफोनची तांब्याची जोडी. ठाणे आणि नवी मुंबई एमटीएनएलच्या मुंबई क्षेत्रात येतात, म्हणून जुन्या घरांत ही लाईन अजून दिसते.
- एअरफायबर. नावात फायबर असलं तरी घरापर्यंतचा शेवटचा टप्पा बिनतारी, ५-जीवर चालणारा. एअरटेल आणि जिओ या दोघांनी ही सेवा २०२३ मध्ये आणली. जिथे वायर पोहोचत नाही तिथे ती खरोखर कामाची आहे, पण नकाशावर तिला वेगळी खूण द्या.

इथे एक सापळा आहे. दोन वेगवेगळ्या नावांची बिलं येतात म्हणून दोन पर्याय आहेत असं समजू नका. कधी कधी एकाच केबलवाल्याच्या एकाच वायरवर दोन कंपन्यांची सेवा चालते. रस्ता खोदताना ती वायर तुटली की दोन्ही एकदम बंद. घरून काम करणारे दुसरं कनेक्शन घेतात ते नेमकं हे टाळण्यासाठी, म्हणून ‘वायर कोणाची’ हा रकाना फॉर्ममध्ये हवाच.

३. वेग: लाईन मोजा, वायफाय नको

लोक बेडरूममध्ये मोबाइलवर स्पीड टेस्ट करतात आणि त्याचा स्क्रीनशॉट कंपनीला पाठवतात. कंपनीचा माणूस म्हणतो, तुमच्या वायफायचा दोष. तो बरोबरही असू शकतो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच आहेत, १, ६ आणि ११, आणि टॉवरमध्ये एका घरातून शेजारपाजारची वीस-पंचवीस वायफाय दिसतात. ५ गिगाहर्ट्झवर गर्दी कमी असते, पण भिंत मध्ये आली की सिग्नल लवकर ढेपाळतो. म्हणून वाद मिटवायचा असेल तर एकच रस्ता आहे: लॅपटॉप वायरने राउटरला जोडा आणि मग मोजा.

मोजताना असं करा. लॅपटॉपचं वायफाय बंद. घरातले टीव्ही, कॅमेरे, डाउनलोड थोडा वेळ थांबवायला सांगा. व्हीपीएन बंद. ऑफिसच्या लॅपटॉपवर व्हीपीएन, म्हणजे सगळं नेट ऑफिसमार्गे वळवणारी सोय, आपोआप चालू असतं आणि आकडा पार खाली येतो, म्हणून तो लॅपटॉप वापरूच नका. मग दोन वेगवेगळ्या टेस्ट घ्या.

दोन कशासाठी? उकलाची स्पीडटेस्ट आपल्या जवळचा सर्व्हर निवडते, पुष्कळदा तुमच्याच कंपनीचा. ऐरोली, रबाळे, महापे इथे मोठी डेटा सेंटरं उभी आहेत. सर्व्हर तिथला असेल, तर तुम्ही मोजलात तो घरापासून दोन-चार किलोमीटरचा रस्ता. तो मोकळा असू शकतो आणि पुढचा तुंबलेला. फास्ट डॉट कॉम नेटफ्लिक्सच्या सर्व्हरवर मोजतं. एम-लॅबची टेस्ट वेगळ्या पद्धतीने, एकाच जोडणीवर मोजते, त्यामुळे आकडा सहसा कमी येतो. तिची मोजमापं संशोधनासाठी खुली असतात. क्लाउडफ्लेअरची टेस्ट लाईनवर भार असतानाचा पिंग, म्हणजे सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ, दाखवते. कोणत्याही दोन घ्या, पण सगळ्या घरांमध्ये त्याच दोन ठेवा आणि स्पीडटेस्ट वापरलीत तर सर्व्हरचं नाव लिहा. एका घरात एक टेस्ट, दुसऱ्यात दुसरी, असं केलं तर तुलना करता येत नाही.

काय लिहायचं: डाउनलोड, अपलोड, पिंग, आणि शक्य असेल तर भाराखालचा पिंग. अपलोड कोणी बघत नाही. मीटिंगमध्ये तुमचा चेहरा समोरच्याला नीट दिसणं, आवाज न तुटणं, हे अपलोडवर आणि भाराखालच्या पिंगवर अवलंबून असतं. २०० एमबीपीएस डाउनलोड असलेल्या घरातही मीटिंग अडकते, ती बहुधा इथेच.

केव्हा मोजायचं: सकाळी, दुपारी आणि रात्री ९ ते ११ च्या दरम्यान. एक रविवार त्यात असू द्या. सकाळचा आणि रात्रीचा आकडा शेजारी शेजारी ठेवलात की दुखणं कुठे आहे ते कळू लागतं. एकाच घराचा वेग कमी आणि बाकी विंग ठीक, तर दोष बहुधा त्या घरातल्या वायरमध्ये किंवा राउटरमध्ये. रात्री सगळ्या इमारतीचा वेग एकदम पडत असेल, तर दोष पुढे, केबलवाल्याच्या किंवा कंपनीच्या वाटेवर. फायबरच्या प्रचलित जीपॉन पद्धतीत साधारण अडीच जीबीपीएसची एक लाईन ३२ किंवा ६४ घरांत वाटलेली असते. ती क्वचितच पूर्ण भरते. मला तरी जास्त शंका येते ती तिथून पुढे कंपनीने किती क्षमता घेतली आहे याची.

आकड्यांचे काही घोटाळे आधीच ओळखून ठेवा:

- नेहमी ९४-९५ वरच अडकणारा आकडा. प्लॅन २०० चा आणि टेस्ट ९४ ची, तर कंपनीला फोन करण्याआधी वायर आणि पोर्ट बघा. राउटरचा किंवा अ‍ॅडॅप्टरचा पोर्ट १०० एमबीपीएसचा असेल, किंवा लॅन वायरच्या आठ तारांपैकी चारच जोडलेल्या असतील, तर वेग याच्या वर जाऊच शकत नाही. जुन्या इमारतींत जिन्यातून आलेल्या लॅन वायरचं हे दुखणं वारंवार सापडतं.
- बिट आणि बाइट. १०० एमबीपीएसच्या लाईनवर फाइल उतरवताना सेकंदाला साधारण १२ मेगाबाइटच दिसतात, कारण ८ बिटांचा एक बाइट. वेग बरोबर आहे.
- डेटाची मर्यादा संपलेली असणं. महिनाअखेर मोजलंत तर आधी बिल आणि वापर तपासा, नाहीतर कमी केलेला वेग खरा समजून लिहाल.

घरात लॅपटॉप नसेल तर राउटरच्या शेजारी उभं राहून, ५ गिगाहर्ट्झवर, मोबाइलने मोजा. अशी नोंद ‘वायफाय’ म्हणून वेगळी ठेवा आणि वायरच्या आकड्यांत मिसळू नका.

४. फायबर असेल तर प्रकाशही बघा

फायबरच्या डब्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑप्टिकल पॉवर’ किंवा ‘आरएक्स पॉवर’ असा आकडा असतो, उणे चिन्हाचा. साधारण -८ ते -२७ डीबीएमच्या (प्रकाशाची ताकद मोजायचं एकक) मध्ये असेल तर लाईन चालते. -२६, -२७ च्या आसपास रेंगाळत असेल तर कुठेतरी वायर वाकली आहे किंवा जोड खराब आहे, आणि पावसाळ्यात ती हमखास त्रास देईल. ‘लॉस’ नावाचा लाल दिवा लागला, तर प्रकाश पोहोचतच नाही. हा आकडा लाईनमनला सांगितला की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. फक्त सेटिंगमध्ये बघा, बदलू काही नका. आणि वायरच्या टोकात डोळा लावून पाहू नका. तो लेझर डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

५. फॉर्म आणि लोकांची खासगी माहिती

फॉर्म एका पानाचा ठेवा: तारीख-वेळ, इमारत व विंग, मजला, कंपनी, वायर कोणाची, वायरचा प्रकार, प्लॅनचा वेग, वायरने की वायफायने मोजलं, टेस्टचं नाव व सर्व्हर, चार आकडे, शेरा. ग्राहक क्रमांक घेऊ नका. फ्लॅट नंबर परत संपर्कासाठी लागला तर तो वेगळ्या वहीत ठेवा, नकाशाच्या तक्त्यात नको. कोणत्या घरात काय चालतं, कोण दिवसभर घरी असतं, हे नकाशावरून कळता कामा नये. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने संमतीला महत्त्व दिलंच आहे, पण कायदा नसता तरी शेजाऱ्याला विचारूनच नोंद घ्यायची. ‘काकू, ही माहिती इमारतीच्या नावाने जाईल, तुमच्या नावाने नाही,’ एवढं स्पष्ट सांगितलं की दारं उघडतात.

६. नकाशा काढा

सोपा मार्ग ओपनस्ट्रीटमॅपवर चालणारा यूमॅप किंवा गुगलचं माय मॅप्स. तक्ता चढवला की ठिपके तयार. संगणकाची सवय असेल तर क्यूजीआयएस हे फुकट सॉफ्टवेअर घ्या, त्यात इमारतीची आकृतीच रंगवता येते. ओपनस्ट्रीटमॅपवर तुमची इमारत नसेल तर आधी ती काढा. नंतर येणाऱ्या सगळ्यांना उपयोग होतो.

दोन नकाशे करा. एक उपलब्धतेचा, एक वेगाचा. वेगाच्या नकाशात इमारतीच्या मोजणींची सरासरी घेऊ नका. आकडे चढत्या क्रमाने लावून मधला घ्या. एका घरात ९०० चा प्लॅन असला की सरासरी फुगते आणि बाकीच्यांचं दुःख दिसेनासं होतं. प्लॅनच्या किती टक्के मिळतात, हा वेगळा थर ठेवा, कारण ४० च्या प्लॅनवर ४० मिळणं आणि ३०० च्या प्लॅनवर ४० मिळणं यांत फरक आहे. ‘माहिती नाही’ला राखाडी रंग द्या. लाल नको, हिरवा तर नकोच. प्रत्येक इमारतीवर किती मोजण्या घेतल्या आणि कधी, ते लिहा.

‘चांगला’ वेग किती धरायचा ते तुम्ही ठरवा. सरकारी व्याख्येत ब्रॉडबँड म्हणजे किमान २ एमबीपीएस. जानेवारी २०२३ पर्यंत ती ५१२ केबीपीएस होती. एका घरात दोघांचं घरून काम आणि मुलांचा अभ्यास असेल, तर २ ने काहीच होत नाही.

७. नकाशा कोणाकडे न्यायचा

आधी कंपनीकडे. तक्रार नोंदवून डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंद क्रमांक, घ्या. तोंडी तक्रार धरू नका. समाधान झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जा. तिथे ३९ दिवसांत निकाल अपेक्षित असतो. पुढे दूरसंचार विभागाचं तक्रार निवारण पोर्टल आहे, आणि ग्राहक आयोगही. दूरसंचार तक्रारी ग्राहक आयोग ऐकू शकतो हे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. ट्राय, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरण, वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तिथे अर्ज करून वेळ घालवू नका.

नवी कंपनी आणायची असेल तर नकाशासोबत कनेक्शन घ्यायला तयार असलेल्या घरांची संख्या न्या. एकाच विंगमधून बरीच घरं तयार आहेत हे दिसलं की केबलवाला स्वतः वायर ओढायला येतो. सोसायटीच्या सभेत ठराव करून घ्या की डक्ट कोणत्याही एका कंपनीला राखून दिला जाणार नाही. जुना करार असेल तर त्याची प्रत सेक्रेटरींकडे मागा आणि मुदत कधी संपते ते बघा. नवीन इमारतीत घर घेत असाल तर बिल्डरला डिजिटल कनेक्टिव्हिटीच्या मानांकनाबद्दल विचारा. ट्रायने २०२४ मध्ये त्यासाठी नियम केले आहेत.

गावठाणात आणि बैठ्या घरांच्या वस्तीत नगरसेवकांना किंवा वॉर्ड ऑफिसला भेटताना ‘अर्ज केला, नकार आला’वाल्या घरांची यादी तारखांसह वर ठेवा, वेगाचे आकडे मागे. दर सहा महिन्यांनी त्याच इमारतींत, त्याच दोन टेस्टने, त्याच वेळांना पुन्हा मोजा. जुना तक्ता पुसू नका. नवी तारीख घालून त्याच्याखाली नव्या ओळी लिहा.